विश्व कसं उरलं आणि आमची अभ्यासिका कशी उरली

मी सूत धुतलं.

बाप लूमवर, थोरला भाऊ सुरतेजवळच्या सचिन गावी, सूत पिळायच्या ट्विस्टिंग युनिटात, वहिनी शिलाई मशीनवर, आणि सुरतेत जन्मून सुरतेतच पन्नाशी गाठलेला मी एम.एस्सी. फिजिक्स, अकरावी-बारावीला शिकवणारा. अशा माणसानं व्याख्यानाच्या आदल्या दिवशी दोन पिळांचं सूत एकाच बादलीत, कढत पाण्यात, साबण घालून धुतलं आणि गॅलरीतल्या दोरीवर वाळत टाकलं.

यात काय बिघडलं, असं ज्यांना वाटलं त्यांनी ओशाळू नये. मलाही तेच वाटलं होतं, आणि मी तर त्याच धंद्यातल्या घरचा.

जॉर्जेटचा धागा केसासारखा बारीक असतो आणि त्याला भयंकर पीळ दिलेला असतो. पीळ दोन तऱ्हेचे. धागा उभा धरला तर एकात पिळाच्या रेघा इंग्रजी एस अक्षराच्या पोटासारख्या तिरप्या दिसतात, दुसऱ्यात झेडच्या पोटासारख्या. एकाला आरशासमोर धरा, आरशात दुसरा दिसेल. विणताना दोन धागे याचे, दोन त्याचे असे आलटून पालटून घेतात. एकाची ओढ दुसरा मारतो आणि कापड सरळ पडतं. नुसता एकच पीळ वापरला, तर नेसणारीनं घडी उलगडायच्या आत साडीच आपली आपण गुंडाळी होऊन बसेल.

आता धागे दोन्ही पांढरे, दोन्ही सारखेच बारीक. कोणता कुठला हे ओळखायचं कसं? म्हणून युनिटात एकाला गुलाबी रंग देतात, दुसऱ्याला पिवळा. हा रंग मुद्दाम कच्चा ठेवतात. कापड विणून होईपर्यंत ओळख पटवायची आणि पहिल्या पाण्यात निघून जायचं, एवढीच त्याची नोकरी. ते पहिलं पाणी मी त्याला कापड व्हायच्या आधीच दाखवलं.

का दाखवलं, ते सांगायचं तर आमच्या खोलीपासून सुरुवात करावी लागेल.

सुरतेतल्या बमरोलीत आमच्या सोसायटीला खाली हॉल आहे आणि वर एक खोली. सहा टेबलं, बारा खुर्च्या, आणि एक पंखा, जो चालू आहे की बंद हे बटण पाहूनच कळतं. काही वर्षांपूर्वी मी भांडून भांडून ती अभ्यासिका करून घेतली. आमच्याकडे घरांमध्ये तळमजल्यावर लेसपट्टीची मशीनं आणि वर संसार. मुलगी पुस्तक घेऊन बसली की कुणीतरी तिच्या हातात कात्री देतं आणि म्हणतं, एवढ्या दोन साड्यांचे धागे काप, मग वाच. दोनाच्या चार होतात, चाराच्या बारा. वरच्या खोलीत कात्री नेता येत नाही. हा एकच नियम मी दारावर लावला आहे आणि तो पाळला जातो.

ही खोली जायची वेळ आली होती.

सोसायटीचे प्रमुख धुळ्याकडचे. निवृत्त जॉबर, म्हणजे लूमचा मिस्त्री. कान लावून लूमचं दुखणं सांगणारा माणूस. सोसायटीची पातेली, पराती, झारे, मांडवाचे पडदे हे सगळं सामान वर्षानुवर्षं त्यांच्या जिन्याखाली. एके दिवशी त्यांच्या बायकोनं सांगितलं की या घरात एक तर ही पातेली राहतील नाही तर मी. प्रमुखांनी विचार करायला दोन दिवस मागून घेतले असं लोक म्हणतात, पण लोक काय, काहीही म्हणतात. तिसऱ्या दिवशी त्यांची नजर आमच्या खोलीवर गेली.

मीटिंगमध्ये मी ज्ञान, भावी पिढी, विज्ञानाची भूक वगैरे बरंच बोललो. प्रमुखांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, भूक कुणाला आहे म्हणता?"

"इथल्या माणसांना. लूमवर काम करणाऱ्यालाही विश्वाचं कुतूहल असतं."

"बरोबर. मग रविवारी सकाळी दहाला हॉलमध्ये तुम्ही बोला. विज्ञानावर. एक तास लोकं खुर्चीवर बसली, तर खोली अभ्यासाची. अर्ध्याच्या वर उठून गेली, तर पातेल्यांची."

"मान्य."

"आणि अकराला खमण ठेवू. सोसायटीतर्फे."

मला त्यांचा मोठेपणा वाटला. सुरतेत सकाळी गरम खमण जरा आधीच दाराशी आणून ठेवणं हे व्याख्यान उधळायचं साधन आहे, हे मला त्या क्षणी सुचलं नाही. मला बऱ्याच गोष्टी त्या त्या क्षणी सुचत नाहीत.

"विषय काय घेता?" प्रमुख म्हणाले. "लाइट बिल कमी कसं करायचं, ते घ्या. सगळे बसतील."

"विश्वात द्रव्य का उरलं आणि प्रतिद्रव्य का उरलं नाही."

"हे मराठीत सांगा."

"मराठीच आहे."

"मग अवघड आहे," प्रमुख म्हणाले आणि मीटिंग संपली.

बिलाचा विषय घेतला असता तर खोली बिनबोभाट वाचली असती. पण मला माझी हौस नडते. हा प्रश्न तीस वर्षं माझ्या डोक्यात बसलेला आहे. कॉलेजात असताना संशोधन करायचं ठरवलं होतं. पुढे घर, नोकरी आणि माझे मार्क, या तिघांनी मिळून ते ठरवणं मोडलं. प्रश्न मात्र तसाच राहिला. शिवाय आता दोन पिळांचा दृष्टांत सुचला होता. द्रव्य म्हणजे एस, प्रतिद्रव्य म्हणजे झेड. दोघं जवळ आले की एकमेकांची ओढ मारून टाकतात. लूमवाल्यांना यापेक्षा सोपं काय सांगणार? मी स्वतःवरच खूश होतो.

भावानं शुक्रवारी दोन लडी आणून दिल्या. "गुलाबी तो एस, पिवळा तो झेड. ध्यानात ठेव."

"भौतिकशास्त्रात रंग हा वरवरचा गुण मानतात," मी म्हणालो.

भावानं माझ्याकडे, चालू असूनही कापड न देणाऱ्या लूमकडे पाहावं तसं पाहिलं आणि तो ड्यूटीवर गेला.

शनिवारी दुपारी मला वाटलं, कण आणि प्रतिकण दिसायला अगदी सारखे असतात, वजनाला सारखे असतात, मग स्टेजवर एक गुलाबी आणि एक पिवळा हे शास्त्राला धरून नाही. दोन्ही पांढरे शुभ्र हवेत. झालं. बादली घेतली.

बायको दारात येऊन उभी राहिली. "शर्ट धुवायला सांगितला की पाठ दुखते. आणि हे?"

"प्रयोग आहे."

पाणी नारिंगी झालं, लडी पांढऱ्या झाल्या. वाळल्यावर लक्षात आलं की त्या जटा झाल्या आहेत. त्याचं कारण भावानं मला नंतर सांगितलं. एवढा पीळ दिलेला धागा जिवंत सापासारखा वळवळतो, म्हणून युनिटात त्याला वाफ देऊन झोपवतात. मी कढत पाणी ओतून त्याला उठवला होता. तीन तास मी जटा सोडवत बसलो. शेवटी हातभर लांबीचे धागे कापून, ट्यूबलाइटखाली भिंग धरून त्यांचे दोन झुपके केले. हा एस, हा झेड. नाणं उडवून केले असते तरी चाललं असतं. फक्त नाणं उडवणाऱ्याला आपण अंदाज करतो आहोत हे माहीत असतं.

खाली वहिनी राहते. तिला हाक मारली असती तर चहा उकळेपर्यंत तिनं धागे वेगळे करून दिले असते. पण ती सातवी शिकलेली आणि मी एम.एस्सी. हे कारण आज लिहायला बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे. प्रयोग एकदा करून पाहावा असंही मला वाटलं नाही. मी म्हटलं, निसर्गनियमाची रंगीत तालीम कशाला हवी.

रविवारी दहाला हॉल भरला होता. दीडशे खुर्च्या, पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे. वहिनी तिसऱ्या रांगेत होती. मांडीवर काम नसलेली ती मला पहिल्यांदाच दिसत होती. प्रमुख पहिल्या रांगेत, भिंतीवरच्या घड्याळाखाली.

मी केळं हातात घेऊन उभा राहिलो. समोरच्या निम्म्या लोकांची गावं केळीच्या मुलखातली, त्यामुळे लगेच शांतता झाली.

"या केळ्यात पोटॅशियम आहे. त्यातला अगदी बारीकसा हिस्सा किरणोत्सारी असतो. त्यातून फार क्वचित एक कण बाहेर पडतो, पॉझिट्रॉन. तो इलेक्ट्रॉनचा जुळा भाऊ. वजन तेच, पण विद्युतभार उलटा. हेच प्रतिद्रव्य."

"म्हणजे केळं खायचं नाही का?" मागून एकानं विचारलं.

"खुशाल खा. तो पॉझिट्रॉन बाहेर पडला की जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटतो आणि दोघंही संपतात. मागे फक्त किरण उरतात."

"रावेरच्या केळ्यात पण?"

"सगळ्याच."

"मग रावेरच्यात जास्त असेल," तो म्हणाला आणि त्याच्या रांगेनं माना डोलावल्या.

दहा मिनिटं छान गेली. मग मी पितळी लोटा काढला. स्टँडच्या आडव्या दांडीला दोन्ही झुपके शेजारी शेजारी बांधून खाली लोटा टांगला.

"एका पिळाच्या धाग्यांवर लोटा टांगला तर तो फिरेल, कारण पीळ उकलू पाहतो. पण इथे एक झुपका एसचा, एक झेडचा. समान आणि उलट. म्हणून लोटा जागचा हलणार नाही. आता बघा."

मी हात सोडला. लोटा फिरायला लागला.

पहिल्या दोन गिरक्या लोकांनी नीट पाहिल्या. मी म्हणालो, "पंख्याची हवा लागते आहे."

प्रमुखांनी उठून पंखे बंद केले. लोटा आणखी जोरात फिरला.

हसू मागच्या रांगांतून सुरू झालं आणि पुढे आलं. तेवढ्यात दारात टेम्पो थांबला आणि खमणाचा वास आत शिरला. अजून साडेदहाही झाले नव्हते. प्रमुख म्हणाले की खमणवाला लवकर आला याला ते काय करणार. पाठीमागच्या दोन रांगा उठल्या. मग तिसरी. मी लोट्याकडे पाहत होतो आणि मला त्या जागी पातेली दिसत होती, एकात एक घातलेली, छतापर्यंत.

"भाऊजी, दोन्हीमा एसच जास्त शेतस."

वहिनी उभी राहिली होती. ती घरात अहिराणी बोलते आणि राग आला की घराबाहेरही. पदर खोचत ती सरळ स्टेजवर आली, लोटा काढून माझ्या हातात दिला, आणि झुपक्यातला एकेक धागा अंगठा आणि बोटामध्ये धरून वळवायला लागली. एका बाजूला वळवला की पीळ सुटतो, दुसऱ्या बाजूला वळवला की घट्ट होतो. त्यावरून ती ओळखत होती. बघायचीही गरज नव्हती. तिचं लक्ष माझ्याकडे होतं.

"रंग कुठे गया?"

माइक माझ्या खिशाला लावलेला होता हे मी विसरलो होतो. हॉलभर ऐकू गेलं.

"धुतला," मी हळूच म्हणालो. तेही हॉलभर गेलं.

"सूत धोयं?"

"हो."

"काबर?"

या प्रश्नाला माझ्याकडे शास्त्रीय उत्तर होतं, पण ते ऐकायला कुणी थांबलं नाही. हॉल फुटला. हसताहेत, एकमेकांना सांगताहेत, सरांनी सूत धुतलं, सूत. आणि एक गोष्ट मी स्वतः पाहिली: दाराशी पोचलेली माणसं परत आली आणि बसली. घरातलं भांडण माइकवर चालू असताना आमच्याकडे कुणी उठून जात नाही.

वहिनीनं तोवर खरा एस आणि खरा झेड वेगळे केले, मोजून सारखे बांधले, लोटा लावला आणि हात सोडला. लोटा स्तब्ध. तिनं त्याला बोटानं एक टिचकी मारली, तो थोडा डोलला आणि परत स्तब्ध झाला. टाळ्या पडल्या. त्या तिला होत्या, पण स्टेजवर मीही उभा असल्यामुळे मी नमस्कार केला.

जटा झालेला तो जागा पीळ आता कामाला आला होता, हेही मला भावाकडूनच कळलं. वाफेनं झोपवलेलं सूत तसंच आणलं असतं तर लोटा एसवर काय आणि दोन्हींवर काय, हललाच नसता. माझ्या मूर्खपणानं प्रयोग बिघडवला होता आणि माझ्याच मूर्खपणानं तो इतका ठसठशीत केला होता. असो.

"विश्वाच्या सुरुवातीला असंच होतं," मी बोलायला लागलो. "नुसती ऊर्जा होती, भयंकर उष्ण. तिच्यातून कण जन्माला यायचे ते जोडीनं. एक एस, एक झेड. एक कण, एक प्रतिकण. जेवढे हे तेवढेच ते. आणि भेटले की दोघंही संपले, प्रकाश उरला. हिशोब बरोबर सुटला असता तर आज विश्वात फक्त प्रकाश असता. ना तारे, ना तापी, ना बमरोली."

"मग आपण कुठून आलो?" प्रमुखांनी विचारलं. टोमणा मारायला नाही. ते खरंच पुढे झुकून बसले होते.

"दर अब्ज प्रतिकणांमागे कण होते अब्ज आणि एक. अब्जाला अब्ज भेटून संपले. तो जो एक उरला, त्याचं हे सगळं. तुम्ही, मी, खमण."

"पण एक जास्त आला कुठून? जोडीनं यायचे म्हणालात ना."

हाच प्रश्न होता. माझ्या टिपणात आता आरशाचा भाग होता. मी घरातून आरसा आणला होता, तो धाग्यासमोर धरला. "फार वर्षं शास्त्रज्ञ समजत होते की निसर्ग या दोघांत फरक करतच नाही. आरशात बघा, एसचा झेड झाला. आता नावंही बदला, कणाला प्रतिकण म्हणा. सगळं जसंच्या तसं चालेल. मशीनला काय, हा धागा काय आणि तो धागा काय, दोन्ही सारखे."

पुढच्या पानावर मी याच्या उलट सांगणार होतो. पण पान उलटायच्या आत वहिनी म्हणाली, "खोटं शे."

ती अजून स्टेजवरून उतरली नव्हती.

"काय खोटं?"

"मशीन फरक करस."

आणि तिनं सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी भावानं युनिटातलं उरलेलं सूत घरी आणलं होतं. चांगलं दुपदरी, मजबूत. तिनं ते शिलाईला लावलं. वीतभर शिवलं की तुटायचं. तिनं सुई बदलली, ताण कमी केला, तेल घातलं, नवऱ्याला शिव्या दिल्या. हातानं ओढून पाहिलं तर धागा तुटत नव्हता, मशीनवर तुटत होता. शेवटी पीळ पाहिला. बाजारात शिलाईचा दोरा मिळतो तो झेड पिळाचा. हा एसचा होता.

"दोरा वाईट नही," वहिनी म्हणाली. आता तिनं माझ्या शर्टाचा माइक काढून स्वतःच्या हातात घेतला होता. "दोन्ही सारखाच मजबूत. पण मशीन एकाच बाजूनं फिरस. झेडना पीळ ते घट्ट करस, एसना पीळ उकलत जास, आनि मंग दोरा तुटस."

बायकांच्या बाजूनं एकदम आवाज उठला. निम्म्या जणींना हे माहीत होतं आणि उरलेल्या निम्म्यांना आपला दोरा का तुटतो ते आत्ता कळलं होतं.

मी हातातल्या टिपणाकडे पाहिलं. पुढच्या पानावर याच गोष्टीसाठी अकरा ओळी होत्या, त्यात चार ग्रीक अक्षरं. मी ते पान खिशात घातलं.

"हेच," मी म्हणालो. "हेच सांगायला मी उभा होतो. कणात खोट नाही, प्रतिकणातही नाही. निसर्गाचं मशीन दोघांना अगदी सारखं वागवत नाही. काही कण असे आहेत की ते जन्मले की क्षणात तुटतात. त्यांचे प्रतिकणही तुटतात. शास्त्रज्ञांनी दोघांचं तुटणं मोजलं. आरसाही लावला, नावंही बदलली, तरी आकडे जुळले नाहीत. थोडा फरक राहिलाच."

प्रमुख उठून उभे राहिले. आतला जॉबर जागा झाला होता. "एक मिनिट. मशीन उलट फिरवलं तर?"

"तर झेड तुटी," वहिनी म्हणाली. "पण उलटं मशीन कोनी देखं शे का?"

कुणीच पाहिलं नव्हतं. मी म्हणालो की विश्वाचंही तसंच आहे, मशीन एकच, एका बाजूनं फिरणारं. ते त्याच बाजूनं का फिरतं, ते कुणाला माहीत नाही.

यानंतर व्याख्यान माझ्या हातात राहिलं नाही आणि तिथून ते खरं रंगलं. प्रमुखांनी सांगितलं की शेडमध्ये लूम जोडीनं बसवतात, एक उजवा, एक डावा, अगदी आरशातल्यासारखे, म्हणजे मधल्या गल्लीत उभा राहून एकच कारागीर दोन्ही सांभाळतो. लोखंड तेच, कंपनी तीच. "तरी बिघाडाची बोंब डाव्याचीच जास्त. तीस वर्षं मी डाव्यालाच शिव्या घातल्या."

"का पण?" मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं.

"चालवणारा उजव्या हाताचा ना."

यावर दुसरा एक जॉबर उठला आणि म्हणाला की असं काही नाही, त्याच्या शेडमध्ये उजवा जास्त बिघडायचा. मग दोघांची जुंपली. बायकांमधून एकीनं विचारलं की त्या तुटणाऱ्या कणांतला फरक मोजला, तर मग अब्जातला तो एक आला कुठून हे समजलंच म्हणायचं. आणि इथे मला ती गोष्ट सांगावी लागली जी सांगताना मास्तर लोक घसा खाकरतात.

"नाही समजलं. जो फरक सापडलाय तो फार थोडा आहे. त्यातून एवढ्या सगळ्या आकाशगंगा उरण्याचा हिशोब जमत नाही. अजून कुठेतरी फरक असला पाहिजे. तो सापडलेला नाही."

"म्हणजे तुम्हाला पण माहीत नाही," प्रमुख म्हणाले.

"मलाच काय, जगात कुणालाच नाही."

पाठीमागच्या रांगाही पुढे झुकल्या. मी पंचवीस वर्षं शिकवतो आहे, पण वर्गात असं लक्ष मला कधी मिळालं नव्हतं. मला वाटायचं, लोकांना उत्तर हवं असतं. या माणसांना तो प्रश्न अजून मोकळा पडलाय, कुणीही हात घालावा असा पडलाय, याचंच भारी वाटलं होतं.

"शोधी कोन ऱ्हायनं मंग?" वहिनीनं विचारलं.

"हजारो लोक. देशोदेशीचे."

"त्यामा बाया शेतस का?"

"पुष्कळ."

तिनं एकदा छताकडे पाहिलं. वर आमची खोली होती. तिच्या मागे हॉलनंही पाहिलं. प्रमुखांनीही.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "ठंडुं थई गयुं, भाई." खमणवाला दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. किती वेळ, कोण जाणे. लूम उजवा की डावा या भांडणात त्यानंही मधे दोन शब्द टाकले होते असं नंतर कळलं. मी घड्याळाकडे पाहिलं. पावणेबारा झाले होते. दीडशे खुर्च्यांपैकी फक्त चार रिकाम्या, आणि त्यातली एक वहिनीची. गरम खमण पंचवीस पावलांवर ठेवलेलं असताना सुरतेची माणसं ते निवेपर्यंत खुर्चीवर बसून राहिली होती. एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत नवा कण सापडल्यावर तिथली माणसं कशी नाचत असतील हे मला तेव्हा समजलं. मी नाचलो नाही, पण गुडघे तयार होते.

प्रमुख स्टेजवर आले. वहिनीकडून माइक मागून घ्यायला त्यांना दोनदा हात पुढे करावा लागला.

"खोली अभ्यासाची," ते म्हणाले. "कायमची. वहीत लिहून सही करतो. आणि पंखा बदला, वर बसवत नाही. पातेली माझ्याकडेच राहतील. घरी काय सांगायचं ते माझं मी बघतो."

उजवीकडे दुसऱ्या रांगेत त्यांची बायको बसली होती. ती टाळ्या वाजवत होती, पण चेहऱ्यावरून पातेल्यांचं प्रकरण मिटलेलं दिसत नव्हतं.

मग गार खमणावर सगळे तुटून पडले. वहिनीभोवती बायकांचा घोळका जमला होता, एक बाई पर्समधून दोऱ्याची रिळंच काढून तिला पीळ दाखवायला लागली होती. माझ्याकडे दोघं-तिघं आले. एकानं केळ्याबद्दल विचारलं. एकानं लाइट बिलाबद्दल. मी खमणाची डिश घेऊन प्रमुखांजवळ जाऊन उभा राहिलो. खोली वाचली होती, दीडशे माणसं पावणेदोन तास बसली होती, विश्वातल्या सगळ्यात मोठ्या प्रश्नावर बमरोलीत भांडणं झाली होती. एखादं चांगलं वाक्य ऐकायला मिळावं अशी माझी इच्छा होती, आणि ते आपणहून देत नव्हते.

"म्हटलं नव्हतं?" मी सहज बोलल्यासारखं बोललो. "एक तास मागितला होतात, पावणेदोन झाले. एकही माणूस हलला नाही. माझं व्याख्यान ऐकायला लोक बसतात, आता तरी मानता ना?"

प्रमुखांनी हिरवी मिरची दातानं तोडली, सावकाश चावली, आणि म्हणाले, "सर, तुमचं व्याख्यान कोण ऐकत होतं. तुम्ही आता आणखी कुठं चुकता, ते बघायला बसले होते सगळे."